न निघालेल्या अल्बमांचा धनी

१९८८ साली ब्रिटनमध्ये एक गाणं गाजलं. त्याचा नायक म्हणजे उतरणीला लागलेला एक गायक. तरुणपणी त्याचं एकच गाणं चाललं होतं, तेही हॉट डॉग, उड्या मारणारा बेडूक आणि अमेरिकेतलं एक शहर ह्यांना एका दावणीला बांधून केलेलं निव्वळ बडबडगीत. आता तो जन्मभर तेवढंच गातोय, कारण लोकांना त्याच्याकडून दुसरं काहीच नकोय. गाण्याचं नाव 'द किंग ऑफ रॉक अँड रोल', बँडचं नाव प्रीफॅब स्प्राउट. गाणं ब्रिटिश यादीत सातव्या क्रमांकापर्यंत चढलं. त्याच्या आधी किंवा नंतर ह्या बँडचं एकही गाणं तिथल्या पहिल्या दहांत गेलं नाही. म्हणजे एका फुटकळ गाण्यावर ओळखल्या जाणाऱ्या गायकाची गोष्ट ज्यानं लिहिली, तो स्वतःच त्या गाण्यावर ओळखला जाऊ लागला. रस्त्यात कुणाला विचारलं तर अजूनही तो बेडूकच आठवतो.

त्या माणसाचं नाव पॅडी मॅकलून. प्रीफॅब स्प्राउटची गाणी तोच लिहितो, चाली तोच लावतो, गातोही तोच. आणि गेली वीसेक वर्षं प्रीफॅब स्प्राउट म्हणजे फक्त तोच आहे. जाणकारांमध्ये त्याला मान आहे, नाही असं नाही. पण त्याच्याबद्दल जे लिहिलं जातं ते बहुतेक वेळा एकाच साच्यातलं असतं: ऐंशीच्या दशकातला अलौकिक प्रतिभेचा तरुण, १९८५चा अजोड अल्बम, मग रेकॉर्ड कंपनीशी बिनसणं, मग डोळे, मग कान, मग पांढरी दाढी आणि एकांतवास. शोकांतिका म्हणून वाचायला बरी आहे. मला ती खोटी वाटते. ह्या माणसाचं सगळ्यात मोठं काम त्या तथाकथित एकांतवासातलं आहे, आणि ज्यांनी ऐंशीच्या दशकावर मुक्काम ठोकला त्यांनी अर्धाच पॅडी ऐकला, असं माझं म्हणणं आहे. पण ते सांगण्याआधी त्या पहिल्या अर्ध्यातून जायलाच हवं, कारण नंतरचं सगळं तिथंच पेरलेलं आहे.

इंग्लंडच्या ईशान्य कोपऱ्यात डरहॅम परगणा आहे. कोळशाच्या खाणींचा मुलूख. तिथल्या विटन गिल्बर्ट ह्या गावात पॅडीच्या वडलांचा पेट्रोलपंप होता. १९५७चा जन्म, घर कॅथलिक, मुलगा पाद्री व्हावा म्हणून जवळच्याच उशॉ कॉलेजात शिकायला. पाद्री तो झाला नाही, न्यूकॅसलच्या पॉलिटेक्निकमध्ये इंग्रजी आणि इतिहास शिकला, आणि नंतर पंपावर गाड्यांमध्ये पेट्रोल भरत गाणी लिहू लागला. पेट्रोलपंप आणि धर्मशाळा ही जोडी लक्षात ठेवण्यासारखी आहे. पंपावर उभ्या असलेल्या मुलाला रस्ता दिसतो, दुसरीकडे निघालेली माणसं दिसतात, त्यांच्या गाडीतल्या रेडिओवरचं अर्धंमुर्धं गाणं ऐकू येतं. तो स्वतः मात्र जागचा हलत नाही. पॅडीच्या गाण्यांमध्ये अमेरिका सतत येते, मेम्फिस, मॅनहॅटन, न्यू मेक्सिको. पण ती पंपावरून दिसलेली अमेरिका आहे.

पहिली रेकॉर्ड १९८२ची, स्वतःच्याच खर्चानं काढलेली. नाव लांबलचक: 'लायन्स इन माय ओन गार्डन (एक्झिट समवन)'. इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जुळवली की लिमोझ हे फ्रान्समधल्या एका गावाचं नाव मिळतं. त्याची मैत्रीण तेव्हा तिथं गेली होती. असली कोडी घालणारा पोरगा हुशार असतो आणि कधीकधी डोक्यात जातो. १९८४चा पहिला अल्बम 'स्वून' ह्या दोन्ही अर्थांनी त्याचाच आहे. बुद्धिबळपटू बॉबी फिशर, ग्रॅहम ग्रीनच्या कादंबरीतला परागंदा पाद्री, मध्येच बदलणारे ताल, एकाच ओळीत कोंबलेल्या तीन कल्पना. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर चाल अशी उडी घेते की ऐकणाऱ्यानं कठड्याला धरून बसावं. मला 'स्वून' आवडतो, पण तो सलग ऐकवत नाही. सगळं येणाऱ्या आणि काहीच सोडवत नसलेल्या माणसाचा तो अल्बम आहे.

सोडायला शिकवलं थॉमस डॉल्बीनं. डॉल्बी तेव्हा सिंथेसायझरवाला पॉपस्टार म्हणून नाव कमावून होता. बीबीसीच्या रेडिओ वनवर नव्या गाण्यांवर मतं देण्याच्या एका कार्यक्रमात त्यानं 'स्वून'मधल्या एका गाण्याची तारीफ केली, ती बँडच्या कानावर गेली, आणि पुढचा अल्बम त्यानं करावा असं ठरलं. डॉल्बी डरहॅमला पॅडीच्या घरी गेला आणि पॅडीनं त्याला गिटारवर एकामागून एक गाणी ऐकवली. त्यातली काही कित्येक वर्षं जुनी, पडून राहिलेली. डॉल्बीनं त्यांतली निवडली. १९८५च्या 'स्टीव्ह मॅक्वीन' ह्या अल्बमचं अर्धं यश ह्या निवडीत आहे असं मी म्हणेन. (अमेरिकेत तो 'टू व्हील्स गुड' नावानं निघाला, कारण त्या नटाच्या वारसांनी हरकत घेतली. मोटरसायकलचं मुखपृष्ठ मात्र तेच राहिलं.)

डॉल्बीनं नेमकं काय केलं, तर चालींना हवा दिली. 'स्वून'मध्ये जिथं वळणावर वळणं होती, तिथं आता प्रत्येक वळणाआधी थोडा मोकळा रस्ता आहे. वेंडी स्मिथचा श्वासासारखा आवाज शब्द गाण्यापेक्षा वाद्यासारखा मागे पसरतो. 'व्हेन लव्ह ब्रेक्स डाउन' हे त्यातलं सगळ्यात परिचित गाणं, जे ब्रिटनमध्ये तिसऱ्यांदा बाजारात आणल्यावर कुठं चाललं. कामानिमित्त दूर राहणाऱ्या दोन माणसांचं प्रेम हळूहळू विरतंय, आणि ते विरल्यावर माणूस स्वतःशी काय काय खोटं बोलतो, एवढाच विषय. ह्यात कुणी कुणाला फसवलेलं नाही, आदळआपट नाही. पॉपच्या गाण्यांना सहसा ताटातुटीसाठी गुन्हेगार लागतो. इथं गुन्हेगार अंतर आहे, कॅलेंडर आहे. आणि चाल? हृदयनाथ मंगेशकरांची एखादी चाल गुणगुणायला जाऊन जो अंतऱ्यात अडकलाय, त्याला हा अनुभव सांगायला नको. ऐकताना सगळं आपसूक वाटतं. गायला गेलं की कळतं, आपण ज्या जागी पाय टाकला तिथं पायरीच नाही, ती अर्धा सूर बाजूला आहे.

'बॉनी' ह्याहून खोल आहे. कुणीतरी निघून गेलंय. कायमचं गेलंय की घर सोडून गेलंय, गाणं सांगत नाही. मागे राहिलेला हिशोब करत बसलाय: आपण गप्प राहिलो, आखडून राहिलो, जवळ असताना लक्ष दिलं नाही. चाल मात्र चालत्या गाडीसारखी पुढे धावते. शब्द मागे बघतायत आणि ताल पुढे ओढतोय, ह्या ओढाताणीतच ते गाणं आहे. 'फॅरन यंग'मध्ये अमेरिकन कंट्री गायकाचं नाव घेऊन अमेरिकन गाण्याच्या ढंगातच एक इंग्रज पोरगा विचारतो की ह्या गाण्यातलं जग आणि माझ्या खिडकीबाहेरचं जग ह्यांचा मेळ कुठं बसतो. आपल्यापैकी ज्यांनी दुसऱ्याच्या भाषेतल्या गाण्यांवर तारुण्य काढलं, त्यांना हा प्रश्न परका वाटू नये.

ह्या अल्बमबद्दल एकच तक्रार ऐकू येते: त्याचा आवाज फार ऐंशीचा आहे, फार चकचकीत. त्याला उत्तर पॅडीनंच दिलं. २००७ साली अल्बम पुन्हा काढताना त्यानं त्यातली आठ गाणी नव्यानं गायली, फक्त गिटारी आणि आवाज. पन्नाशीला टेकलेला माणूस विशीतली गाणी गातोय. चाली जरा खाली उतरल्यात, शब्दांच्या जागा बदलल्यात, काही ठिकाणी तो जणू आठवून आठवून गातोय. 'डिझायर अॅज' हे गाणं मूळ अल्बममध्ये सॅक्सोफोनच्या धुक्यात हरवलेलं होतं. इथं ते उघडं पडतं आणि कळतं की इच्छा ही गोष्ट माणसाला कशी फिरवत ठेवते ह्याची ती तरुणानं केलेली कबुली होती. म्हाताऱ्याच्या तोंडी ती साक्ष झाली. मला विचाराल तर आधी हा नवा संच ऐका, मग १९८५चा. उलट क्रमानं बहुतेक जण ऐकतातच.

त्यानंतरची तीनचार वर्षं झरझर सांगतो. 'स्टीव्ह मॅक्वीन'नंतर लगेच काही दिवसांत, फारशी सजावट न करता त्यांनी 'प्रोटेस्ट साँग्ज' नावाचा अल्बम ध्वनिमुद्रित केला. तो कंपनीत पडून राहिला आणि १९८९मध्ये बाहेर आला. पडून राहण्याची ही पहिलीच वेळ. दरम्यान १९८८मध्ये 'फ्रॉम लँगली पार्क टू मेम्फिस' आला, तो विक्रीच्या दृष्टीनं त्यांचा सगळ्यात मोठा. लँगली पार्क हे विटन गिल्बर्टच्या शेजारचं गाव. म्हणजे अल्बमचं नावच पंपावरून एल्विसच्या दारापर्यंतचा रस्ता आहे. त्यात एका गाण्यावर स्टीव्ही वंडरचा माउथऑर्गन आहे, दुसऱ्यावर पीट टाउनशेंडची गिटार. पाहुणे मोठे, पण पंगत थोडी गोड. 'कार्स अँड गर्ल्स'मध्ये पॅडी ब्रूस स्प्रिंगस्टीनला चिमटा काढतो: आयुष्यात गाड्या आणि पोरी ह्यांच्यापलीकडेही दुखण्यासारखं पुष्कळ असतं. चिमटा मजेदार आहे, पण अन्यायकारक. स्प्रिंगस्टीनच्या गाड्याही कुठं पोचत नाहीत, हे पॅडीसारख्याला कळत नसेल असं मानणं कठीण आहे.

१९९०चा 'जॉर्डन: द कमबॅक' हा त्याचा सगळ्यात महत्त्वाकांक्षी निघालेला अल्बम. एकोणीस गाणी, तासाभराहून जास्त. पुन्हा डॉल्बी. ह्यात एल्विस आहे, पण मेलेला नाही, वाळवंटात दडी मारून परतण्याची वाट बघणारा. जेसी जेम्स हा दरोडेखोर आहे. आणि शेवटाकडे खुद्द देव आहे. मी ऐकलेल्या पॉपमध्ये देवाबद्दलची गाणी ढिगानं आहेत, देवाच्या तोंडची फार थोडी. आणि त्यात देव माझी भजनं पुरे करा, त्यापेक्षा कुणा मोडून पडलेल्याला जाऊन गाणं ऐकवा असं म्हणतो, असं तर 'वन ऑफ द ब्रोकन'च. आपल्या संतांनी ही गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत किती वेळा सांगितली आहे. म्हणून असेल, पण मराठी कानाला ते गाणं परदेशी वाटत नाही. लगोलग 'मायकल' येतं, ज्यात सैतान देवदूताला गळ घालतो की मला पुन्हा देवाच्या दारात घेण्यासाठी अर्ज लिहून दे. पाद्री होता होता राहिलेल्या मुलाला हेच सुचायचं. पाचसहा गाणी कमी असती तर अल्बम आणखी बळकट झाला असता. पण त्या आकाराशिवाय त्याचं खूळही कळलं नसतं.

आणि मग दरवाजा बंद झाला. बाहेरून तरी तसं दिसलं. १९९७पर्यंत नवा अल्बम नाही. आत काय चाललं होतं? तो लिहीत होता. डरहॅम परगणा सोडून तो कुठं गेलाच नव्हता म्हटलं तरी चालेल. घरातच स्टुडिओ, त्याचं नाव अँड्रोमेडा हाइट्स. तिथं तो अख्खे अल्बम रचत होता: एक झोरोवर, एक नाताळवर, एक मायकल जॅक्सनवर, एक आदम आणि ईव्हपासून पृथ्वीची सगळी गोष्ट सांगणारा. ह्यातला एकही त्या रूपात निघाला नाही. पोटापाण्यासाठी आणि आवड म्हणून त्यानं इतरांसाठी लिहिलं. शेर ह्या गायिकेनं त्याचं 'द गनमन' गायलं, ईशान्येचाच नट-गायक जिमी नेल ह्याला 'काउबॉय ड्रीम्स' दिलं. ही दोन्ही गाणी पुढे २००१च्या 'द गनमन अँड अदर स्टोरीज'मध्ये त्यानं स्वतः गायली. टोनी व्हिस्कॉन्टीसारखा निर्माता असूनही तो अल्बम मला सपाट वाटतो. दुसऱ्यांच्या मापानं शिवलेले कपडे आहेत ते.

हे न निघालेले अल्बम म्हणजे वाया गेलेलं आयुष्य, असं मानायचा मोह होतो. काही अंशी ते खरंही आहे. परिपूर्णतेचा हट्ट हा आळसाचा चुलतभाऊ असतो, आणि पॅडीच्या कौतुकात आपण चाहते हे सोयीनं विसरतो. ऐकणाऱ्यापर्यंत न पोचलेलं गाणं हे अर्धंच गाणं. पण २००९मध्ये ह्या कपाटातली एक चीज बाहेर आली, 'लेट्स चेंज द वर्ल्ड विथ म्यूझिक', आणि माझं मत थोडं बदललं. ते १९९२-९३च्या सुमाराचं काम, घरच्या स्टुडिओत एकट्यानं सिंथेसायझर आणि ड्रममशीनवर केलेला कच्चा खर्डा. बँडबरोबर तो पुन्हा ध्वनिमुद्रित व्हायचा होता, झालाच नाही. सतरा वर्षांनी कॅलम माल्कम ह्या ध्वनितंत्रज्ञानं तो कच्चा खर्डाच झाडूनपुसून साफ केला. पुठ्ठ्याच्या ऑर्केस्ट्रासारखे ते सिंथेसायझर पहिल्यांदा कानाला टोचतात. पण गाण्यांचा विषय पाहा: गाणं म्हणजे प्रार्थना, गाणं म्हणजे सुटका, गाण्यानं जग बदलेल. हे सगळं एक माणूस खोलीत एकटा बसून, पुठ्ठ्याच्या व्हायोलिनांच्या साथीनं, जे कुणी ऐकणार की नाही ठाऊक नाही अशा टेपवर गातोय. बँडबरोबर, खऱ्या व्हायोलिनांबरोबर हेच गाणं घोषणा झालं असतं. असं ऐकताना ती श्रद्धा आहे. 'गॉड वॉच ओव्हर यू' ऐकून बघा. माझ्या लेखी 'स्टीव्ह मॅक्वीन'मधल्या कुठल्याही गाण्याच्या बरोबरीनं ते ठेवता येतं.

पण ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो अल्बम ह्याच्या आधीचा, २००३चा. तेव्हा तो पॅडी मॅकलूनच्या एकट्याच्या नावानं निघाला आणि विस्मरणात गेला. २०१९मध्ये प्रीफॅब स्प्राउटच्या नावानं पुन्हा निघाला, तेव्हा कुठं त्याच्याबद्दल नीट बोललं जाऊ लागलं. 'आय ट्रॉल द मेगाहर्ट्झ'. आपल्याकडे किनाऱ्यावर ट्रॉलर हा शब्द सगळ्यांना माहीत आहे: समुद्राच्या तळाशी जाळं ओढत नेणारी बोट. मासा कोणता लागेल ते आधी ठरलेलं नसतं. इथं समुद्र रेडिओलहरींचा आहे.

१९९९मध्ये पॅडीच्या डोळ्यांचा पडदा सुटू लागला, आधी एका डोळ्याचा, मग दुसऱ्याचा. शस्त्रक्रिया झाल्या. बराच काळ त्याला वाचता येईना, काम करता येईना. आयुष्यभर पुस्तकांवर पोसलेल्या माणसाकडे उरला रेडिओ. लघुलहरींवर तो रात्र रात्र ऐकू लागला: फोनवरून आपली दुखणी सांगणारी माणसं, माहितीपट, वाहनचालकांच्या वायरलेसवरच्या गप्पा. ऐकता ऐकता तो त्या टेप करू लागला, आणि त्यांतली वाक्यं एकमेकांशेजारी ठेवली की अनोळखी माणसांच्या तुकड्यांमधून कुणातरी तिसऱ्याच माणसाचं आयुष्य तयार होतं हे त्याच्या लक्षात आलं. रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला ऐकलेल्या आपल्याकडच्या पिढीला लघुलहरींचा पोत वेगळा समजावायला नको: लाटेसारखा जवळ येणारा आणि मागे सरणारा आवाज, मध्येच घुसणारं दुसरंच स्टेशन, आणि आपण ज्याला ऐकतोय त्याला आपण आहोत हे मुळी माहीतच नाही ही जाणीव. त्या जाणिवेचा हा अल्बम आहे.

शीर्षकाचं पहिलंच गाणं बावीस मिनिटांचं. गाणं म्हणायचं की नाही, कारण त्यात कुणी गात नाही. इव्हॉन कॉनर्स नावाची अमेरिकन बाई शांत, सपाट आवाजात बोलते. आपलं आयुष्य जणू स्वतःलाच सांगतेय. आईवडील, एक प्रेम, त्या प्रेमाचा ऱ्हास, इस्पितळं, गाड्या, हवामान. गोष्ट सरळ पुढे जात नाही. एखादं वाक्य इतकं नेमकं असतं की आपण थांबतो, तोवर ती तिसरीकडे पोचलेली असते. मागे तंतुवाद्यांचा एकच आकृतिबंध फिरून फिरून येतो, त्यावर ट्रम्पेट. फ्रेंच संगीतकार राव्हेलची सावली त्यावर स्पष्ट आहे. ह्या बाईला रडू येत नाही, ती रागावत नाही. पॉपमध्ये भावना दाखवण्यासाठी आवाज चढवतात. इथं आवाज जागचा हलत नाही आणि वाद्यं तिच्या वतीनं हलतात. दहाव्या-बाराव्या मिनिटाला कधीतरी माझ्या लक्षात येतं की आपण श्वास तिच्या वाक्यांच्या लांबीनं घेतोय.

बाकीच्या तुकड्यांमध्ये बहुतेक वाद्यसंगीत. 'आय अॅम फॉर्टी-नाइन'मध्ये रेडिओवरच्या खऱ्याखुऱ्या माणसांचे आवाज आहेत. कुणी वय सांगतं, कुणी घटस्फोट सांगतं, आणि त्या कोरड्या माहितीच्या आजूबाजूनं सुरावट अशी जाते की ती माहिती उघडीवाघडी वाटू लागते. पॅडी स्वतः संपूर्ण अल्बमात एकदाच गातो, शेवटाकडे, 'स्लीपिंग रफ'मध्ये. हरवलेला माणूस, वाढू दिलेली दाढी, उघड्यावरचं झोपणं. इतका वेळ दुसऱ्यांचे आवाज ऐकल्यावर अचानक त्याचा स्वतःचा, ओळखीचा, किंचित घोगरा आवाज येतो तेव्हा घरात दिवा लागल्यासारखं होतं. काही वर्षांनी त्याची छायाचित्रं आली तेव्हा पांढरी दाढी खरोखरच छातीपर्यंत पोचली होती.

हे त्याचं सर्वोत्तम काम का? मघाशी पंपावरच्या मुलाबद्दल म्हटलं, त्याकडे परत येतो. 'स्टीव्ह मॅक्वीन'चा पॅडी दुसऱ्यांच्या गाड्यांतलं गाणं ऐकून स्वतःबद्दल लिहीत होता. फार सुंदर लिहीत होता, पण त्या लिखाणात आपण हुशार आहोत ह्याची जाणीव एका कोपऱ्यात कायम बसलेली असते. डोळे मिटावे लागले तेव्हा ती उठून गेली. ह्या अल्बमात तो खरोखर ऐकतो. कोणाबद्दल? ज्यांना गाण्यात कधीच जागा मिळत नाही अशांबद्दल. मध्यरात्री अनोळखी निवेदकाला फोन करून घटस्फोटाबद्दल बोलणारा माणूस हा प्रेमगीताचा नायक होत नाही. देवाच्या तोंडून 'मोडलेल्याला गाऊन दाखवा' असं १९९०मध्ये त्यानं लिहिलं होतं. तेरा वर्षांनी त्यानं ते करून दाखवलं, आणि त्यासाठी स्वतःचं गाणं जवळजवळ बंद ठेवलं. ज्याची ख्याती चालीसाठी आणि शब्दांसाठी आहे, त्यानं चाल वाद्यांना देऊन टाकावी आणि शब्द रेडिओतून वेचावेत, ह्याला धाडस लागतं. खप झाला नाही ह्यात नवल नाही. प्रीफॅब स्प्राउटच्या चाहत्याला गाणी हवी होती आणि आधुनिक संगीताच्या श्रोत्याला बेडकाच्या गाण्याचा कर्ता नको होता.

२००६च्या सुमारास कानांनी दगा दिला. टिनिटस, कानात अखंड, मोठ्यानं वाजणारा आवाज. महिनोन्महिने त्याला संगीत ऐकणंही असह्य होतं. पूर्ण बरा तो झालाच नाही, आणि बँडसोबत ध्वनिमुद्रण, दौरे हे विषय संपले. तरीही २०१३मध्ये 'क्रिमझन/रेड' आला, करारातली मुदत पाळण्यासाठी घाईघाईनं एकट्यानं केलेला, आणि घाईचा फायदा झालेला दिसतो. वर्षानुवर्षं घोळवायला वेळच नव्हता. चाली पुन्हा हलक्या झाल्यात. पहिलंच गाणं छपरांवरून फिरणाऱ्या रत्नचोराचं. चोरही तोच, लेखकही तोच, हे न सांगता कळतं. एक गाणं जिमी वेब ह्या गीतकाराला भेटल्याच्या आठवणीचं. आणि एक ताजमहालावर: 'ग्रीफ बिल्ट द ताजमहाल'. ताजमहालावर आपण इतकं ऐकलंय की नाव वाचून मी कपाळाला हात लावला होता. पण तो प्रेमाबद्दल बोलतच नाही. संगमरवर रचला तो दुःखानं, आणि असं काही दुःखच बांधू शकतं, एवढाच त्याचा मुद्दा. पर्यटकी गोडव्याला फाटा देऊन हा इंग्रज थेट त्या जागी पोचतो जिथं ती इमारत मुळात आहे: कबरीवर.

त्याच अल्बमात 'द ओल्ड मॅजिशियन' आहे. म्हातारा जादूगार, हात थरथरतायत, कबुतरं म्हातारी झालीत, प्रेक्षकांना युक्त्या दिसू लागल्यात. १९८८च्या त्या उतरणीच्या गायकाचा हा धाकटा भाऊ. फरक इतकाच की तिथं कोरसला लोक नाचत होते आणि इथं गाणं तीन मिनिटांत हळूच उठून जातं. त्यानंतर पॅडीचा नवा अल्बम निघालेला नाही.

त्याचा धाकटा भाऊ मार्टिन सुरुवातीपासून बँडमध्ये बास गिटार वाजवायचा. गाण्यासाठी तो कधी ओळखला गेला नाही. २०२३पासून तो एकटाच एक गिटार घेऊन दौऱ्यावर निघतो आणि छोट्या सभागृहांमध्ये भावाची गाणी गातो, 'स्वून'मधली आडवळणाचीसुद्धा. पॅडी मंचावर नसतो. तो घरी असतो, डरहॅममध्येच.